अठ्ठाविसावा सामना

रविवार, ६ जुलै १९८६

ही डायरी माझ्या बायकोच्या, हिल्डीच्या बहिणीनं नाताळात दिली होती. सहा महिने मी तिच्यावर चष्मा ठेवत आलो. आज उघडली, कारण मनात जे चाललंय ते गावात कुणाला सांगायची सोय नाही, आणि घरात सांगितलं तर हिल्डी हसते.

आज आमच्या गावच्या बेसबॉल संघातल्या ड्वेन होल्टकॅम्पनं लागोपाठ चोविसाव्या सामन्यात हिट मारली, म्हणजे चेंडू मारून स्वतःच्या बळावर बेस गाठला. नॉर्बर्ट एरवी गावचा न्हावी, पण सामन्याच्या दिवशी माईक त्याच्या हातात असतो. कॅचरच्या पाठीमागं उंचावर जी पत्र्याची खोली आहे तिच्यात आम्ही शेजारी शेजारी बसतो. तो बोलतो, मी स्कोअर लिहितो. आज तो जरा जास्तच बोलला.

“चोवीस! लीगचा विक्रम सत्तावीस सामन्यांचा, आणि तो कुणाचा आहे हे सेंट ओडिलमध्ये कुणाला सांगायला नको!”

बाकांवरची सगळी डोकी मागं वळून वर माझ्याकडं बघायला लागली. मी पेन्सिलीला टोक काढत बसलो. टोक होतंच.

सत्तावीस माझे. पंचावन्न सालचा सबंध उन्हाळा, दर रविवार आणि दर बुधवार, एकही सामना हिटशिवाय गेला नाही. बारमध्ये मला कुणी लिअँडर म्हणून हाक मारत नाही. “काय सत्तावीस, बिअर का कॉफी?” असं विचारतात. क्रीमरीत एकतीस वर्षं मी लोणी काढलं, पण त्याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढत नाही.

पोरगं चांगलं खेळतंय. मला काही फरक पडत नाही. घरी येताना गाडीत हिल्डीला तसं सांगितलं.

“तीनदा सांगितलंस,” ती म्हणाली.

बुधवार, ९ जुलै

पंचवीस. पहिल्याच वेळी, तिसऱ्या बेसच्या रेषेवरून, वादाला जागाच नाही. डासांनी फोडून काढलं.

शुक्रवार, ११ जुलै

काल केस कापायला गेलो तेव्हा नॉर्बर्टला म्हटलं, पुढचे काही सामने स्कोअर दुसऱ्या कुणाला लिहू दे. पोराची हिट का समोरच्या गड्याची चूक, हे ठरवणार मी. पोराच्या विरुद्ध गेलं तर म्हणतील म्हातारा जळतोय. बाजूनं गेलं तर म्हणतील म्हातारा थोरपणा मिरवतोय. दोन्हीकडून मरण माझंच. नॉर्बर्ट म्हणाला, “बघतो.” नॉर्बर्टला एक गोष्ट सांगितली की ती दुपारपर्यंत गावभर होते. आज सकाळी दुधाचा टँकर आमच्या दारात येऊन थांबला. आमच्याकडे गाई नाहीत.

ड्वेन उतरला. बावीस वर्षांचं पोरगं, हात माझ्या मांडीएवढे, आणि बोलताना नजर बुटांवर.

“मिस्टर विर्ट्झ, तुम्ही स्कोअर लिहायचं सोडताय असं ऐकलं.”

“थोडे दिवस. गुडघे दुखतात. त्या शिड्या चढवत नाहीत.”

“लिहायला गुडघे लागत नाहीत,” हिल्डी आतून म्हणाली.

पोरगं लालबुंद झालं. मग एका दमात बोलून गेलं. “तुम्हीच लिहा. दुसऱ्या कुणी लिहिलं तर लोक म्हणतील, आपल्या पोराला हिट फुकट वाटली. तुम्ही लिहिलीत तर कुणाची बोलायची टाप नाही. माझा विक्रम झाला तर तो खरा झालेला पाहिजे.”

मी म्हटलं, “आणि मी तुला एकही फुकट दिली नाही तर?”

“म्हणूनच तर सांगतोय ना.”

हिल्डीनं त्याला रूबार्बची आंबटगोड पाय-पेस्ट्री खायला घातली. दोन तुकडे खाऊन गेला. मला आवडला मुलगा. हीच तर पंचाईत आहे. एखादा शिष्ट, मग्रूर असता तर सोपं गेलं असतं.

रविवार, १३ जुलै

सव्वीस, पण सरळ नाही. दुसऱ्या वेळी त्यानं मारलेला चेंडू समोरच्या गड्याच्या हातात आला आणि हातातून निसटला. ड्वेन पहिल्या बेसवर पोचला. टाळ्या पडल्या. नॉर्बर्टनं हिटचा दिवा लावायला बटणावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं.

“चूक,” मी म्हटलं.

“ली, अरे चेंडू केवढा जोरात होता!”

“हातात आला होता. चूक.”

चुकीचा दिवा लागला आणि लोक ओरडले. कुणीतरी कागदाचा पेला वर फेकला, रिकामा होता. ड्वेननं पहिल्या बेसवरून वर बघितलं आणि मान हलवली, बरोबर आहे म्हणून. मग सातव्या डावात त्यानं चेंडू सरळ कुंपणावर नेऊन आदळला.

माझं मन साफ आहे, हे आज सिद्ध झालं. हिल्डीला म्हटलं तर म्हणाली, “सिद्ध करायला लागतंय म्हणजे बघ.” हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

बुधवार, १६ जुलै

सत्तावीस. बरोबरी झाली.

मला हे आधीच माहीत होतं, म्हणून इस्त्रीचा सदरा घालून गेलो होतो. पाचव्या डावात हिट, स्वच्छ. खेळ थांबवला. शिड्या उतरून मी मैदानात गेलो, हात मिळवला, साप्ताहिकाच्या माणसानं फोटो काढला. ड्वेनचा हात गार होता. मी म्हटलं, “अभिनंदन बेटा, आता पुढं जा.” अगदी मनापासून म्हटलं, असं मला वाटतं.

बारमध्ये एक जण म्हणाला, “काय सत्तावीस! आता तुला काय म्हणायचं रे? सत्तावीस नंबर एक?” सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन जेवलो नाही.

खरं लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचणार आहे. मला त्यानं तो विक्रम मोडायला नको आहे. माझ्याकडं तेवढंच आहे. चांगला नवरा, चांगला कामगार गावात प्रत्येक घरी एकेक आहे. सत्तावीस मी एकटा होतो.

रविवार, २० जुलै

आज जे झालं ते नीट लिहितो.

सामना न्यू बर्लिंगशी. ते पहिल्या नंबरवर, आम्ही दुसऱ्या, जिंकलो तर बरोबरीत. इतकी गर्दी मी चर्चच्या शंभराव्या वाढदिवसानंतर पाहिली नव्हती. मक्याच्या शेताच्या कडेनंसुद्धा गाड्या लावल्या होत्या.

त्यांचा चेंडू टाकणारा पिचर ड्वेनला घाबरला. पहिल्या वेळी चार चेंडू बाहेर टाकून त्याला फुकट पहिला बेस दिला. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी चेंडू ड्वेनच्या कोपरावर बसला, त्याचाही बेस फुकटच. तीन वेळा बॅट घेऊन आला आणि एकदाही मारण्याजोगा चेंडू मिळाला नाही. लोकांनी त्या पिचरच्या सात पिढ्या काढल्या.

आठवा डाव. दोन्ही संघ तीन-तीन. आमचा एक गडी पहिल्या बेसवर, कुणी बाद नाही, आणि बॅटिंगला ड्वेन. ही त्याची शेवटची संधी हे लहान पोरालाही कळत होतं. सगळे उभे राहिले.

आणि त्यानं बंट टाकला. बॅट फिरवलीच नाही. नुसती आडवी धरली आणि चेंडू पुढ्यातल्या गवतात अलगद सोडला. असा बंट टाकणारा स्वतः बाद होतो, पण त्या गडबडीत पुढचा गडी दुसऱ्या बेसवर सरकतो. स्वतःचा बळी द्यायचा आणि संघाला पुढं ढकलायचं. आम्ही त्याला त्यागाचा बंट म्हणतो. मॅनेजरनं तसा इशारा दिला नव्हता, मी बघत होतो. पोरानं स्वतःच्या मनानं टाकला. स्वतः बाद झाला, पुढचा गडी सरकला, त्याच्यानंतरच्या फलंदाजानं हिट मारली, तो सरकलेला गडी शेवटच्या बेसवर, म्हणजे घरी आला आणि धाव झाली. आम्ही चार-तीननं जिंकलो.

पहिल्यांदा तर कुणाला कळेचना की आनंद मानायचा का वाईट वाटून घ्यायचं. नॉर्बर्ट माईकवर म्हणाला, “सत्तावीसवर थांबला! ड्वेन होल्टकॅम्प आणि लिअँडर विर्ट्झ, दोघांचे सत्तावीस!” मग मात्र टाळ्या थांबेनात.

माझा जीव भांड्यात पडला. लपवण्यात अर्थ नाही, मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं पोराच्या त्यागानं गहिवरलो. तेही होतंच.

बारमध्ये आज मला पैसे काढू दिले नाहीत. विक्रमाच्या फळ्यावर दोघांची नावं शेजारी शेजारी लिहायचं ठरलं. पोरगं बाप्यासारखं खेळलं, असं सगळे म्हणत होते, मीही म्हटलं. घरी येऊन लीगला पाठवायचा कागद भरला. ड्वेनच्या ओळीत लिहिलं: फुकट बेस, फुकट बेस, अंगावर चेंडू, त्याग.

ते चारही शब्द मी पुन्हा वाचले.

एक गोष्ट आहे. उद्या बघतो.

सोमवार, २१ जुलै

नियमांच्या पुस्तकात अगदी मागं, जिथं कुणी जात नाही, तिथं लिहिलंय. एखाद्या सामन्यात गडी दर वेळी फुकट बेसवर गेला असेल, अंगावर चेंडू घेऊन गेला असेल किंवा त्यागाचा बंट टाकून बाद झाला असेल, तर त्याला मारायची खरी संधी मिळालीच नाही असं धरायचं. त्या सामन्यानं मालिका तुटत नाही. तो सामना मोजायचाच नाही.

म्हणजे ड्वेनची मालिका तुटलेली नाही. बुधवारी त्यानं हिट मारली की अठ्ठावीस.

हे नॉर्बर्टला माहीत नाही. मॅनेजरला माहीत नाही. ड्वेनला तर नाहीच. लीगचा सेक्रेटरी आमचे कागद आल्या आल्या खोक्यात टाकतो. मी इतकी वर्षं स्कोअर लिहितोय, असा प्रसंग आमच्याकडे कधी आला नव्हता.

आता दुसरी बाजू. बंट हिट मिळवण्यासाठीही टाकतात. पोरगं पळायला चपळ आहे. चेंडू पुढ्यात टाकून पळत सुटायचं, बेस गाठला तर हिट. तसा प्रयत्न असेल तर तो त्याग नाही, ती साधी संधी, आणि मग मालिका तुटली. तो प्रयत्न होता का नव्हता हे ठरवायचा अधिकार एकट्या स्कोअररचा. मी ‘त्याग’ खोडून दुसरं लिहिलं तर जगात कुणी मला विचारणार नाही.

पण मी त्याचे पाय पाहिले होते. हिटसाठी बंट टाकणारा शेवटच्या क्षणापर्यंत लपवतो. यानं पिचरनं हात उचलायच्या आधीच दोन्ही पाय वळवून बॅट आडवी धरली होती, सगळ्यांना दाखवून. त्याच्या मनात काय होतं ते मला स्वच्छ दिसलं. संघासाठी स्वतःला बाद करून घेत होता. यात शंका नाही.

खोडलं नाही. कागद टपालात टाकला. म्हणजे मी खोटं काही केलेलं नाही. जे घडलं तेच लिहिलंय, कुणी वाचत नसेल तर माझा काय दोष? मला कुणी विचारलेलं नाही.

मंगळवार, २२ जुलै

नॉर्बर्टला सांगायचंच असं ठरवून दुकानात गेलो. तो फळ्यावरच्या अक्षरांबद्दल बोलत होता, तुझं नाव आधी का त्याचं आधी, का वर्णानुक्रमानं. मी खुर्चीत बसलो. त्यानं मानेभोवती कापड बांधलं.

“केस बारा दिवसांपूर्वी तर कापलेस,” तो म्हणाला.

“कानामागं राहिलेत.”

कानामागचे काढून परत आलो.

हिल्डीला काल संध्याकाळीच सांगून टाकलं होतं, नाहीतर फुटलो असतो. आज मी घरात शिरल्यावर तिनं माझ्याभोवती एक चक्कर मारली.

“केस तर कापलेले दिसतायत. जीभही तिथंच ठेवून आलास का?”

मी तिला शांतपणे समजावून सांगितलं. उद्या त्याला हिट मिळाली नाही, तर मालिका उद्या तुटते, सत्तावीसवरच. म्हणजे आज सांगितलं काय आणि नाही काय, हिशेब तोच. उगाच कशाला गावात खळबळ? मिळालीच, तर तेव्हा बघू.

“म्हणजे त्याला हिट मिळू नये अशी तुझी इच्छा आहे.”

“असं मी म्हटलेलं नाही.”

“नाही म्हटलंस,” ती म्हणाली आणि बटाटे सोलायला गेली. तिच्या तोंडी लागलो नाही.

बुधवार, २३ जुलै

आज गर्दी नव्हती. विक्रमाचं संपलं असं सगळ्यांना वाटत होतं. समोर तळाचा संघ, आकाश भरून आलेलं, बाकांवर नेहमीची बायकामाणसं आणि कुणाची तरी दोन कुत्री.

पहिल्या वेळी ड्वेन उंच मारून झेलबाद झाला. मी श्वास सोडला. तिसऱ्या डावात तो पुन्हा आला. खांदे सैल होते, कॅचरशी काहीतरी बोलून हसत होता. दुसराच चेंडू. बॅटचा आवाज झाला आणि मला बघायची गरजच उरली नाही. हा आवाज मी पंचावन्न साली सबंध उन्हाळाभर ऐकलाय. चेंडू पिचरच्या डोक्यावरून थेट मधल्या मैदानात पडला. साधी, सरळ, एका बेसची हिट.

बाकांवर चार टाळ्या वाजल्या, कुठल्याही हिटला वाजतात तेवढ्या. नॉर्बर्टनं हिटचा दिवा लावला आणि सँडविच उघडलं. मी ड्वेनच्या चौकोनात रेघ मारली. लीगच्या इतिहासातली सर्वांत लांब मालिका आता त्या पोराची होती, आणि हे सबंध मैदानात मला एकट्याला माहीत होतं. त्यालासुद्धा नाही. तो पहिल्या बेसवर उभा राहून बुटातली माती झटकत होता.

पुढचा फलंदाज आला. मी बसून राहिलो. एक चेंडू झाला. अजून बसूनच होतो. दुसरा झाला. मनात म्हटलं, आता गप्प राहिलास तर हे कायमचं गेलं. कुणालाही कधीच कळणार नाही. सत्तावीसच राहील, दोघांचं.

मग मी उठलो. का, ते मला सांगता येणार नाही. ठरवून उठलो नाही. गुडघे कुरकुरले आणि मी उभा होतो, आणि टाळ्या वाजवत होतो. एकटाच. नॉर्बर्ट सँडविच हातात धरून माझ्याकडं बघत राहिला.

“ली? बरा आहेस ना?”

“माईक दे.”

“खेळ चालू आहे!”

“थांबव.”

त्या माईकवर मी याआधी कधी बोललो नव्हतो. माझा आवाज कुंपणावर आपटून परत आला तेव्हा मीच दचकलो. म्हटलं, “अंपायर साहेब, एक मिनिट. माफ करा. रविवारच्या सामन्यात ड्वेनला मारायची संधीच मिळाली नव्हती. दोन बेस फुकट, एक चेंडू अंगावर, आणि एक त्याग. नियमाप्रमाणे त्यानं मालिका तुटत नाही. म्हणजे आत्ताची ही हिट अठ्ठाविसाव्या सामन्यातली. विक्रम मोडला. मोडला आहे त्यानं.” शेवटचं मी दोनदा म्हटलं.

कुत्री भुंकायला लागली. ड्वेनला काही समजलंच नव्हतं. समोरच्या संघाचा पहिल्या बेसवरचा गडी, आडदांड शेतकरी, त्यानं आधी हातमोजा काढला आणि ड्वेनचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. मग त्यांचा पिचर आला. मग त्यांचे सगळेच आले, तळाचा संघ, सामन्यात मागं पडलेला, आणि एकेक जण रांगेनं येऊन त्याच्या पाठीवर थाप मारून गेला. तोवर बाकांवर लोकांना कळलं होतं.

मी शिड्या उतरलो. पहिल्या बेसपर्यंत चालत गेलो. ड्वेननं हेल्मेट काढून काखेत धरलं होतं. मी म्हटलं, “खरी आहे. फुकट वाटलेली नाही.”

“माहीत आहे,” तो म्हणाला.

खूप बरं वाटलं असं लिहिता आलं असतं. नाही वाटलं. घरी येऊन गाडीत बसून राहिलो. हिल्डी बाहेर आली, शेजारच्या सीटवर बसली.

गुरुवार, २४ जुलै

गावाला वेड लागलंय. पोस्टात गेलो, तिथल्या बाईनं काउंटरवरून हात पुढं करून माझा हात दाबला. “तुम्हाला रविवारपासून माहीत होतं ना मिस्टर विर्ट्झ? आणि पोरावर ताण येऊ नये म्हणून तुम्ही कुण्णाला सांगितलं नाहीत!”

मी म्हटलं, “तसं काही नाही.”

“बघा, वर आणि हे!”

दुकानात तेच. पेट्रोल पंपावर तेच. नॉर्बर्टनं ही गोष्ट रचली आणि दोन दाढ्या होईपर्यंत ती पक्की झाली. आपला विक्रम मोडावा म्हणून तीन दिवस तोंडाला कुलूप लावून बसलेला थोर माणूस. फादरनी फोन केला, रविवारी चर्चमध्ये दोन शब्द बोलणार म्हणाले. मी म्हटलं, फादर, मी चांगल्या हेतूनं गप्प राहिलो नव्हतो. ते हसले आणि म्हणाले, नम्रता हा फार दुर्मिळ गुण आहे. नाकारावं तितका मोठा होत चाललोय.

दुपारी बारमध्ये कुणी मला सत्तावीस म्हटलं नाही. “या, मिस्टर विर्ट्झ,” म्हणाले. अंगावर काटा आला.

रविवार, २७ जुलै

फादर बोलले. दोन शब्द म्हणता म्हणता चांगले दोनशे झाले. मी बुटांकडं बघत होतो. दोन रांगा पुढं ड्वेनही बुटांकडंच बघत होता.

दुपारच्या सामन्यात त्याची मालिका तुटली. चार वेळा आला, चारही वेळा बाद, एकदाही जवळपास नाही. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. अठ्ठावीस.

सामना संपल्यावर नॉर्बर्ट वायर गुंडाळून गेला. मी बेरजा करत होतो. शिडी वाजली आणि ड्वेन आत आला. नॉर्बर्टच्या खुर्चीवर बसला, ती त्याला पुरेना.

“तुमचे आभार मानायचे राहिलेत,” तो म्हणाला. “महिनाभर मला जेवण जात नव्हतं. त्या रविवारी संपलं म्हटल्यावर तीन दिवस झोपलो, खाल्लं, बुधवारी मजेत खेळायला आलो. तुम्ही आधी सांगितलं असतंत तर माझ्याच्यानं बॅट उचलली गेली नसती. आज बघितलंत ना? तुम्ही गप्प राहिलात म्हणून झालं.”

“ड्वेन, गप्प बस जरा.” मी पेन्सिल खाली ठेवली. “मी गप्प राहिलो ते तुला हिट मिळू नये म्हणून. बुधवारी तू बाद झालास की सगळं आपोआप मिटेल, असा हिशेब होता माझा. गावात सांगून बघितलं, कुणी ऐकत नाही. तू तरी ऐक.”

तो मैदानाकडं बघायला लागला. खाली कुणीतरी बेस उचलून गाडीत टाकत होतं. मला वाटलं, उठून जाईल. गेला असता तर ते रास्तच होतं.

“मलाही एक सांगायचंय,” तो म्हणाला. “चर्चमध्ये मला बसवत नव्हतं. तो बंट. सगळे म्हणतात संघासाठी टाकला.”

“टाकलासच की. मी पाय पाहिलेत तुझे.”

“मी घाबरलो होतो, मिस्टर विर्ट्झ. सगळे उभे होते. बॅट फिरवली आणि हुकली तर, असं झालं. मला नुसतं संपवून टाकायचं होतं. बंट टाकला की बाद, घरी जायला मोकळा. संघ-बिंघ डोक्यातसुद्धा नव्हता.”

इतकी वर्षं मी गड्यांचे पाय बघून त्यांची मनं ओळखतो असं मला वाटत होतं. त्यानं स्कोअरबुकाकडं बोट दाखवलं.

“म्हणजे तो त्याग नव्हता. मग मालिका तिथंच तुटली ना? खोडून टाका. खरं सांगतो, मला राग नाही येणार.”

आठवड्यापूर्वी हेच कुणी सांगितलं असतं तर मी रबर शोधलं असतं. आज मात्र मला स्कोअररसारखा राग आला.

“खोडायचं का नाही ते मी ठरवतो. हिट मिळावी म्हणून टाकलास?”

“नाही.”

“आपण बाद होणार हे माहीत होतं?”

“हो. तेच तर पाहिजे होतं.”

“पुढचा गडी दुसऱ्या बेसवर गेला?”

“गेला.”

“तोच धावून घरी आला आणि सामना जिंकला?”

“हो, पण मी म्हणतोय की माझ्या मनात—”

“पुस्तकात मनाला रकाना नाही,” मी म्हटलं. “गडी पुढं सरकला. त्याग.”

त्यानं जरा विचार केला. पोरगं दिसतं तितकं मंद नाही. बुटांवरची नजर उचलून त्यानं सरळ माझ्याकडं पाहिलं.

“बुधवारी तुम्ही उठून उभे राहिलात?”

“तो विषय वेगळा.”

“राहिलात का नाही?”

“राहिलो.”

“टाळी पहिली कुणी वाजवली?”

मी पेन्सिल परत उचलली.

“मग झालं तर,” तो म्हणाला. उठताना खुर्ची त्याच्याबरोबर वर आली, ती त्यानं काढून नीट ठेवली आणि शिडी उतरून गेला.

बेरजा अर्ध्याच राहिल्या होत्या. आकडे दिसेनात म्हणून चष्मा पुसला, तरी दिसेनात. खाली हिल्डी गाडीपाशी उभी राहून हाका मारत होती.

“एवढं काय बोलत होतात रे दोघं?” तिनं विचारलं.

“बंटबद्दल,” मी म्हटलं.